आखूड पंखांच्या भुंगेऱ्याचे बारसे

रोव्ह बीटल हे भुंगेऱ्यांच्या एका अवाढव्य कुळाचे इंग्रजी नाव. शास्त्रात या कुळाला ‘स्टॅफिलिनिडी’ म्हणतात. आजवर साठ हजारांहून जास्त जातींची वर्णने प्रसिद्ध झाली असून प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या कुळांत त्याची गणना होते. तरीही समोर आलेला रोव्ह बीटल हा भुंगेरा आहे, हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. भुंगेरा म्हटला की शेणकिड्यासारखी टणक, फुगीर पाठ डोळ्यांपुढे येते. रोव्ह बीटल मात्र लांबट, चपटा आणि लवचिक असतो, मुंगीसारखा तुरुतुरु पळतो. बरेचसे रोव्ह बीटल २ ते ८ मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यांना कुणी मुंगी समजते, कुणी वाळवी, तर कुणी नुसता ‘किडा’ म्हणून झटकून टाकते.

ओळखीची पहिली खूण पाठीवर असते. भुंगेऱ्यांच्या पंखांची पुढची जोडी कठीण होऊन तिचे कवच झालेले असते आणि उडण्याचे नाजूक पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. इतर बहुतेक भुंगेऱ्यांत हे कवच पोटाच्या टोकापर्यंत पोचते. रोव्ह बीटलमध्ये ते बंडीसारखे आखूड असते. त्यामुळे पोटाचे सहाएक खंड उघडे राहतात आणि विंचवाच्या नांगीसारखे वर उचलता येतात. या आखूडपणामुळे पाठीचे संरक्षण कमी होते खरे, पण त्याच्या मोबदल्यात अंग वाकवून पालापाचोळ्याच्या थरांत, सालींच्या फटींत आणि जमिनीच्या भेगांत शिरता येते. शिवाय उडण्याची ताकदही शाबूत राहते. आखूड कवचाखाली लांब पंख मावतात कसे, हे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपले. डावा आणि उजवा पंख वेगवेगळ्या तऱ्हेने दुमडतात, आणि घडी बसवायला भुंगेरा आपल्या लवचिक पोटाचा हातासारखा उपयोग करतो.

अजिंठ्याच्या परिसरात अशा किड्यांना राहायला नाना तऱ्हेच्या जागा आहेत. वाघूर नदीने बेसॉल्टच्या थरांत कोरलेली घोड्याच्या नालेसारखी दरी, तिच्या कड्यात खोदलेली तीस लेणी, वरच्या अंगाला सातकुंडाचा धबधबा आणि भोवती साग, पळस, धावडा अशा पानझडी झाडांचे डोंगर. उन्हाळ्यात इथला पाचोळा पापडासारखा वाजतो. मृगाच्या सरी पडल्या की महिन्याभरात तोच पाचोळा ओला, काळा आणि किड्यांनी गजबजलेला होतो. उष्ण प्रदेशातल्या पानझडी जंगलाची ही लय रोव्ह बीटलांच्या अभ्यासकाला सांभाळावीच लागते, कारण यातले बहुतेक जीव ओलीचे सोबती आहेत. नदीकाठची भिजलेली वाळू, गुरांचे शेण, मेलेले जनावर, कुजके खोड, अळंबी, वाळवीचे वारूळ, वटवाघळांच्या विष्ठेचा थर, यांतल्या प्रत्येक ठिकाणी कुळाची वेगळी शाखा सापडते. शेणात राहणारे बहुतेक शेण खात नाहीत, तिथल्या माश्यांच्या अळ्या खातात. मुंग्या आणि वाळवीच्या घरात पाहुणे म्हणून राहणारेही बरेच आहेत. वाळवीकडच्या काहींचे पोट फुगून यजमानासारखे दिसू लागते. ‘स्टेनस’ या प्रजातीतले भुंगेरे पाण्याच्या पृष्ठभागावर पडले तर पोटाच्या टोकातून एक द्रव सोडतात आणि त्याच्या जोरावर पाण्यावरून सुर्रकन सरकत काठ गाठतात. वाघूरच्या डबक्यांसारख्या जागी उकिडवे बसून शोधण्याजोगी ही प्रजाती आहे.

या सगळ्या गोतावळ्यात माणसाच्या अंगाशी संबंध येतो तो ‘पीडेरस’ या एकाच प्रजातीचा. जगभरात हिच्या सहाशेहून अधिक जाती सांगितल्या जातात. त्यांतली ‘पीडेरस फ्युसिपेस’ ही जाती ब्रिटनपासून मध्य आशिया आणि भारतमार्गे जपानपर्यंत, दक्षिणेला ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. लांबी जेमतेम ७ मिलिमीटर. डोके काळे, त्यामागची छाती नारिंगी, आखूड कवच निळसर धातूच्या झळाळीचे, पोटाचा बराचसा भाग पुन्हा नारिंगी आणि शेवटचे दोन खंड काळे. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटखाली, अभ्यासाच्या वहीवर, चादरीवर हा पट्टेवाला किडा फिरताना दिसतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर वळवळले म्हणून हाताने चिरडला की मात्र त्याच्या रक्तद्रवातले ‘पीडेरिन’ नावाचे विष कातडीवर पसरते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. साधारण एक-दोन दिवसांनी तिथे लालसर, जळजळणारा, चाबूक ओढल्यासारखा लांब वळ उठतो आणि त्यावर बारीक फोड येतात. कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत विष लागले असेल तर समोरासमोरच्या कातडीवर जुळे डाग उमटतात. तोच हात डोळ्याला लागला तर पापणी सुजून डोळा बंद होतो. पूर्व आफ्रिकेत या दुखण्याला ‘नैरोबी आय’ असे नावच पडले आहे. जुलै २०२२ मध्ये पूर्व सिक्कीममधल्या एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना हाच त्रास झाला आणि ‘नैरोबी माशी’ हा शब्द भारतीय वर्तमानपत्रांत झळकला. भुंगेऱ्याला माशी म्हणण्याची ही चूक आफ्रिकेतून आयात झालेली.

महाराष्ट्रात या वळाला ‘कोळी मुतला’ किंवा ‘किडा मुतला’ म्हणण्याची रीत आहे. पट्ट्यासारखे फोड पाहून काहींना नागीण झाल्याची शंका येते आणि नको ते लेप लावले जातात. कोळ्यावरचा आळ तर साफ खोटा आहे, आणि त्यात एक गंमतही आहे. पीडेरिन हे विष भुंगेरा स्वतः बनवत नाही. त्याच्या शरीरात राहणारा ‘स्यूडोमोनास’ गटातला एक जिवाणू ते बनवतो. रूपर्ट केलनर यांच्या प्रयोगांतून दिसले की हा सोबती मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो. विष तयार करणाऱ्या जनुकांचा माग यॉर्न पील यांनी २००२ मध्ये जिवाणूपर्यंत काढला. हे विष अंड्यांना आणि अळ्यांना मिळून उपयोग काय, हे केलनर आणि कोनराड डेटनर यांनी १९९६ मध्ये तपासले. शिकारी कीटकांना विषाचे फारसे काही वाटले नाही. विषारी अळी तोंडात धरून सोडून दिली ती जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांनी. म्हणजे ज्याच्यावर आळ येतो, त्याच्यापासूनच वाचायला हे विष कामी येते.

या विषाचा इतिहासही लांबलचक आहे. इसवी सन ७३९ मधल्या एका चिनी औषधग्रंथात निळसर कमरेच्या, कातडी सोलून काढणाऱ्या किड्याचे वर्णन येते आणि तो पीडेरसच असावा, असे अभ्यासक मानतात. इटलीतल्या मारिओ पावान आणि जी. बो यांनी १९५३ मध्ये विष शुद्ध रूपात वेगळे केले. त्यासाठी त्यांना शेतांतून गोळा केलेले अडीच कोटी पीडेरस फ्युसिपेस वापरावे लागले. पीडेरिन पेशीतली प्रथिनांची निर्मिती थांबवते. म्हणून वळ उठायला वेळ लागतो आणि म्हणूनच कर्करोगाच्या संशोधकांनाही त्यात रस आहे. उपाय साधाच: किडा अंगावर दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावा, चिरडलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी आणि डोळ्याजवळ लागले असेल तर डॉक्टरकडे जावे. एवढ्यावरून त्याला शत्रू ठरवण्याचे मात्र कारण नाही. भातातले तपकिरी तुडतुडे आणि इतर पिकांवरचा मावा, लहान अळ्या खाणारा हा शिकारी आहे, आणि शेतात त्याची गणना मित्रकीटकांत होते.

ओळख पटवण्याची अडचण इथूनच सुरू होते. भारतात पीडेरसच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचा काळा-नारिंगी-निळा पेहराव जवळजवळ सारखा आहे. त्वचारोगाच्या भारतीय लेखनात फ्युसिपेसबरोबर ‘पीडेरस मेलॅम्पस’ हेही नाव येते. पहिल्याचा लॅटिन अर्थ मळकट काळ्या पायांचा, दुसऱ्याचा ग्रीक अर्थ काळ्या पायांचा. नाव देणाऱ्या दोघांनाही पायांचाच रंग लक्षणीय वाटला, आणि पायांचा रंग तर एकाच जातीत कमी-जास्त होतो. मोबाइलवरच्या फोटोत दोन्ही एकच दिसतील. फोटोवरून ‘पीडेरस’ इथवर खात्रीने जाता येते. पुढचा शब्द उच्चारायला किडा हातात लागतो.

किडा हातात येण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. जमिनीत काठोकाठ पुरलेला प्लास्टिकचा पेला, त्यात थोडे संरक्षक द्रावण. रात्री चालणारे भुंगेरे त्यात पडतात. पाचोळा चाळून, तो कापडी पिशवीत टांगून हळूहळू वाळवला की ओल शोधत खाली उतरणारे जीव तळाच्या बाटलीत जमतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावला की उडणारे येतात. तोंडाने ओढायच्या नळीने एकेक किडा बाटलीत घेता येतो, पण पीडेरस असेल तर हातमोजे हवेत. अजिंठ्याचे लेणी-क्षेत्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि जवळच्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यातून पाचोळ्याची पिशवीसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय आणता येत नाही. या कामातले पहिले पाऊल म्हणून अर्जच करावा लागतो.

पकडलेला किडा अल्कोहोलमध्ये ठेवतात, मग कार्डाच्या लहानशा त्रिकोणाच्या टोकावर डिंकाने चिकटवून टाचणीवर घेतात. त्याच टाचणीवर चिठ्ठी: गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशात सापडला, कुणी पकडला. चिठ्ठी नसलेला सुंदर किडा शोभेचा, आणि चिठ्ठी असलेला मोडका किडा शास्त्राचा. ‘अजिंठा’ एवढेच लिहून भागत नाही, कारण अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात आहे, लेणी डोंगर उतरल्यावर फर्दापूरच्या बाजूला आहेत आणि दोन्ही ठिकाणांची ओल, उंची आणि झाडी वेगळी.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली ‘की’ चालते. की म्हणजे जोडप्रश्नांची साखळी: हे लक्षण असेल तर या क्रमांकावर जा, नसेल तर त्या. मिशांचे सांधे किती, त्या डोळ्यांच्या कुठल्या बाजूला बसवल्या आहेत, पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायांच्या पावलांत किती तुकडे, डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखे खळगे किती दाट, छातीवरचे केस कुठल्या दिशेने झुकलेले. पावलांतल्या तुकड्यांची संख्या रोव्ह बीटलांत उपकुळ गाठायला फार कामाची. काहींत सर्व पावले पाच तुकड्यांची, काहींत तीनच, काहींत पुढची चार आणि मागची पाच. पीडेरसची खूण पावलाच्या चौथ्या तुकड्यात आहे. तो खालून दोन पाळ्यांत विभागलेला असतो.

प्रजाती सापडली तरी जातीचा निकाल लागतो तो नराच्या जननेंद्रियावरून. बाहेरून जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या दोन जातींत हा लहानसा कठीण अवयव वेगळ्या आकाराचा असतो. किडा कोमट पाण्यात मऊ करून पोटाच्या टोकातून बारीक सुईने तो बाहेर काढतात, दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून भोवतालचे मांस विरघळवतात, ग्लिसरीनमध्ये बघतात आणि वरून व बाजूने त्याचे चित्र काढतात. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या या अवयवाच्या टोकाचे वळण हीच बहुतेक वर्णनांमधली निर्णायक ओळ असते. त्यामुळे नुसत्या माद्या मिळाल्या तर काम अडते. अलीकडे पेशीतल्या ठरावीक जनुकाचा साडेसहाशेच्या वर अक्षरांचा तुकडा वाचून तुलना करतात. जातीचा ठसा म्हणून तो उपयोगी असला तरी जुन्या नावाशी तो जोडायला मुळात बरोबर ओळखलेला नमुना लागतोच.

तुलनेसाठी भारतात अजूनही शेवटी एकाच दाराशी जावे लागते. माल्कम कॅमेरॉन (१८७३–१९५४) हे ब्रिटिश नौदलातले शल्यचिकित्सक; डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत त्यांनी या कुळाचा अभ्यास केला आणि ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत रोव्ह बीटलांवरचे खंड १९३० ते १९३९ या काळात लिहिले. त्यांच्याआधी ग्राफेनहोर्स्ट यांनी १८०२ मध्ये, एरिक्सन यांनी १८३९-४० मध्ये आणि क्राट्झ यांनी १८५९ मध्ये या कुळाची मोठी कामे केली होती. क्राट्झ यांचा ग्रंथ तर खास भारत आणि श्रीलंकेच्या भुंगेऱ्यांवर होता. कॅमेरॉन यांचे काम प्रचंड आहे, पण त्यातली पुष्कळ वर्णने रंग, खळगे आणि मापे यांपाशीच थांबतात. म्हणून शंका आली की लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातला मूळ नमुना पाहावा लागतो. मराठवाड्यातल्या किड्याच्या नावाचा निकाल टेम्सकाठच्या खणात लागतो, हे शंभर वर्षांपूर्वी संग्रह कुणाकडे होते त्याचे फळ.

असा मूळ नमुना का लागतो, हे नामकरणाच्या नियमांत आहे. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता १७५८ सालच्या लिनियसच्या ग्रंथापासून मोजणी धरते. त्यानंतर नियमाने दिलेले सर्वांत जुने नाव टिकते. नवी जाती सांगणाऱ्याने एक विशिष्ट किडा ‘होलोटाइप’ म्हणून नेमायचा असतो. नाव त्या एका किड्याला कायमचे बांधलेले असते, आणि बाकी सगळे किडे त्याच्याशी जुळतात की नाही एवढाच प्रश्न उरतो. होलोटाइपला रिवाजाने लाल चिठ्ठी लावतात. जातीच्या नावामागे लेखक आणि वर्ष येते: ‘पीडेरस फ्युसिपेस कर्टिस, १८२६’. लेखकाचे नाव कंसात असेल तर त्याने ती जाती दुसऱ्याच प्रजातीत ठेवली होती असा अर्थ. ‘पीडेरस रिपॅरियस (लिनियस, १७५८)’ हे त्याचे उदाहरण. लिनियसने तिला ‘स्टॅफिलिनस’ म्हटले होते. ठिकाणावरून नाव द्यायचे तर शेवटी ‘-एन्सिस’ लागते, माणसावरून द्यायचे तर त्याची लॅटिन षष्ठी. स्वतःचेच नाव जातीला देणे नियमाने वर्ज्य नाही, पण तसे करणारा जन्मभर हशाचा धनी होतो.

नमुना आणि नाव यांच्यात किती काळ जाऊ शकतो, याचे ठळक उदाहरण चार्ल्स डार्विनचे. बीगल जहाजाच्या सफरीत १८३२ मध्ये अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे त्याने एक मोठा रोव्ह बीटल पकडला. तो लंडनच्या संग्रहालयात गेला आणि बरीच वर्षे हरवल्यात जमा होता. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचे स्टायलियानोस चॅट्झिमानोलिस यांनी अभ्यासासाठी उसने मागवलेल्या डब्यात तो त्यांना दिसला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, डार्विनच्या वाढदिवशी, त्यांनी ‘डार्विनायलस सेडारिसी’ अशी नवी प्रजाती आणि जाती जाहीर केली. दुसरा शब्द विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यासाठी. पकडल्यापासून नाव मिळेपर्यंत १८२ वर्षे.

वर्णनाचा मजकूर ठरीव साच्याचा असतो. आधी लक्षणसार, म्हणजे जवळच्या जातींपासून वेगळे करणाऱ्या दोन-चार खुणा, मग डोक्यापासून पोटापर्यंत अवयववार तपशील, मापे मिलिमीटरमध्ये, नर-मादीतला फरक, जननेंद्रियाची चित्रे, होलोटाइप आणि सोबतच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरचा मजकूर अक्षरशः, नावाची व्युत्पत्ती, वसतिस्थान. यात ‘सुंदर’, ‘विलक्षण’ असे शब्द येत नाहीत. ‘डोके लांबीपेक्षा किंचित रुंद’ हे वाक्य मात्र पंधरा डोकी मोजल्यावरच लिहिता येते. लेख छापील अंकात यावा लागे. २०१२ पासून नुसते इंटरनेटवरचे प्रकाशनही चालते, पण ‘झूबँक’ या नोंदवहीत त्याची आधी नोंद हवी. भारतातल्या जैवविविधता कायद्याने (२००२) नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या भांडारात जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठीचे असे एक भांडार म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्याचे मुख्यालय कोलकात्याला आणि पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. अजिंठ्याच्या पाचोळ्यातला भुंगेरा आता टेम्सकाठी जात नाही.

प्रसिद्ध झालेले नाव टिकेलच असे नाही. एकोणिसाव्या शतकात जपानमधल्या पीडेरसला ‘इडी’ असे नाव मिळाले आणि जपानी डॉक्टर व शेतीतज्ज्ञ ते अनेक वर्षे वापरत राहिले. पुढे तो किडा कर्टिसने ब्रिटनमधून वर्णिलेलाच निघाला. जुन्या नावाचा मान राहिला, ‘इडी’ समानार्थी नावांच्या यादीत गेले आणि टोकियोतला वळ व अजिंठ्यातला वळ एकाच नावाखाली आले.